जळायचा राहिलेला हात

तिकीट दहा रुपये, म्हाताऱ्यांना पाच.
डोमाकाकाने नाणं उलटंपालटं करून दिलं,
विचारलं, "आत काय हाय बे?"
"मारबत," खिडकीतला पोरगा म्हणाला.
"चैतात?"

जगनाथ बुधवारीत, विणकर सोसायटीच्या बंद गोदामावर
दोन खोल्या. एक कूलर, पाणी नसलेला.
भिंतीभर फोटो : पिवळी, काळी, तिचे लालभडक ओठ,
खाली गर्दी, सगळ्यांची तोंडं उघडी,
आणि आवाज कुठेच नाही.

मला बसमध्येच प्रश्न पडला होता,
जे दरसाल पोळ्याच्या पाडव्याला जाळून टाकायचं
त्याचं संग्रहालय कशाचं करतात?
इथे तिची बांगडी होती, पत्र्याची, परातीएवढी.
बडग्यांच्या गळ्यातल्या पाट्या होत्या.
महागाईचा बडग्या. रॉकेलच्या काळ्या बाजाराचा.
एका पाटीवर कुणाचं तरी नाव
आणि नावावर नंतर फासलेला चुना.

कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत एक हात.
डावा, कोपरापासून तुटलेला, पुरुषभर लांब.
'बांबू, तरट, कागद, खळ. निर्माता अज्ञात.'
'स्पर्श करू नये.'

काका पेटीपुढे उकिडवा बसला.
मनगटाशी तरट फाटलं होतं,
आतून बोटभर हिरवा काठ दिसत होता.
"अज्ञात कोन?" तो म्हणाला. "मीच त."

मग त्याने सांगितलं. मला नाही, पेटीला.

त्या साली भागरथाकाकी खोकायची,
मागाच्या दोन ठोक्यांच्या मधे, रात्री तर मागाशिवायही.
त्याने तिच्या पातळाचा पदर कापला, न विचारता,
लाल डाग पडलेला तेवढाच,
आणि बडग्याच्या मनगटात कोंबला.
वर कागद. वर खळ. वर गेरू.
बडग्या होता दुधात पाणी घालणाऱ्याचा.
सगळा मोहल्ला दूधवाल्याला शिव्या घालत निघाला,
त्यात हा एकटाच ओठ मिटून ओरडत होता :
खोकला घेऊन जाय गे मारबत.

चितार ओळीच्या वळणावर हात विजेच्या तारेत अडकला.
मिरवणूक थांबत नसते, मागून हजार माणसं लोटतात.
कटकन आवाज आला म्हणे.
बाकीचा बडग्या पुढे गेला, जळला, चांगला जळला.
हात तीन दिवस तारेवर लोंबला,
चौथ्या दिवशी लाईनमनने काढून नेला.

काकीने संक्रांतीचं वाण दिलं नाही त्या वर्षी.
कधीच दिलं नाही मग.

मेयोतल्या गोळ्या तिने दिवाळीतच सोडल्या होत्या,
बरं वाटतंय म्हणून. तो कागद माझ्या कपाटात आहे,
तारखेसकट.
मी तोंड उघडलं
आणि कूलरकडे पाहत राहिलो.

"काडीपेटी हाय का तुह्याकडे?" काकाने पोराला विचारलं.
पोरगा हसला. मग हसायचा थांबला,
आणि उगाच, लाल सिलिंडर लटकत होता त्या खिळ्याजवळ जाऊन उभा राहिला.
कोणी काही बोललं नाही.
काकाने काचेवर आपला डावा पंजा ठेवला,
आतल्या हाताचं एक बोटही झाकलं गेलं नाही.

दाराशी अभिप्रायाची वही होती.
'छान उपक्रम.' 'पंखे लावावेत.' 'मुलांना आवडले.'
त्याखाली त्याने पेन दाबून लिहिलं :
डोमाजी निखारे, कोष्टी.
हात माहा हाय. काठ बी माहाच.

जिन्यात तिसऱ्या पायरीवर तो थांबला.
मला वाटलं गुडघा.
कठड्याला धरून मागे वळला,
ज्या वळण्याला आमच्या घरी मनाई असते त्या दिवशी,
आणि बऱ्याच वर्षांनी मागावर बसल्यासारखा म्हणाला,
"हिरवा उतरला नाही, पाह्यलं?
पक्का रंग होता."