चालू वर्तमानकाळ

रोल नंबर एकतीस, रक्षंदा गजभिये.
तुझे वडील काय करतात, इंग्रजीत सांग,
पाच मार्कांचं आहे.

उत्तर माहीत नव्हतं असं नाही.
बाबा ई-रिक्षा चालवून राहिले,
अगदी ह्या घडीला, इंदोरा चौकातून पाचपावलीच्या पुलाकडे,
गळ्यात ओला दुपट्टा, मागे तीन सवाऱ्या
अन् एक कांद्याचं पोतं.

पण ‘चालवून राहिले’ म्हणायचं नसते.
पाचवीत अभ्यंकर बाईंनी पन्नासदा लिहून घेतलं होतं,
चालवत आहेत, चालवत आहेत.
तेव्हापासून माझ्या प्रत्येक वाक्याला
दोन नाके लागतात.
पहिल्यावर घरचं उतरवायचं, शुद्ध चढवायचं.
दुसऱ्यावर इज की आर,
ड्राइव्ह की ड्राइव्ह्ज की ड्रायव्हिंग,
अन् रिक्षा, जी घरी ‘ती’ आहे,
तिथं पोचेपर्यंत ‘इट’ होऊन जाते.

प्रांजली मागून म्हणे, बोल नं वं, माय फादर तरी बोल.
माय म्हटलं
तर मले आईच आठवली.

हीच मी.
चलान झालं तेव्हा ट्रॅफिकवाल्याशी
भर उन्हात हिंदीत भांडली होती,
पुलाखालच्या तेलुगू मावशीले
तिच्या भाषेत दोन रुपये सुटे मागते.
जीभ तीच आहे.
त्या टेबलासमोर मात्र ती
दुसऱ्याच्या घरी पाहुणी आल्यासारखी
अंग चोरून बसली.

बाजूले बाहेरून आलेले सर होते.
त्यांनी मॅडमले इंग्रजीत काहीतरी विचारलं, लांबलचक.
मॅडम म्हणाल्या, येस सर.
मग पुन्हा, येस सर.
टेबलाखाली त्यांची बोटं
पदराच्या टोकाची घडी घालत होती,
सोडत होती, घालत होती.
मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं की मी पाहिलं.
दोन मार्क दिले,
न बोलण्याचे.

संध्याकाळी बाबांनी रिक्षा चार्जिंगले लावली.
काय विचारलं वं तोंडी परीक्षेत?
म्हटलं, तुम्ही काय करता ते.
मग?
चार्जरचा लाल दिवा लागला.
सांगायचं राहिलं.

ते दुपट्टा पिळत होते, बादलीवर वाकून.
म्हणाले, मले विचारलं असतं
तर मीही नुसता उभाच राहिलो असतो.