दोन लिटर

नऊ वर्षं झाली, फाट्यावरच्या पंपावर नोजल धरतो मी.
सोमवारी तालुक्यातून कागद आला:
मोटरसायकलला दोन लिटर,
बाटलीत, डबकीत थेंब नाही,
बुधवारी पंप बंद. इंधन वाचवा.
मालकाने तो काचेला चिकटवला
आणि त्याच्या झेरॉक्स काढायला
गाडी घेऊन दारव्ह्याला गेला.

मंगळवारी नथ्थू टेकाम आला,
पाठीवर फवारणीचा पंप, इंजिनवाला.
"बाटलीत नाई देत ना?
मंग घे, याच्याच पोटात टाक."
म्हटलं, कागदात फक्त गाडी आहे, भाऊ.
"तीन कोस चालत आलो बाप्पा,
मलेच गाडी समज. लिही नंबर."
त्याने आधारचे शेवटचे चार आकडे सांगितले.
मी लिहिले.

चौकातली सुलोचनाबाई
टेबलावर केशरी बाटल्या मांडायची,
शंभरच्या नोटेत ऐंशीचं पेट्रोल.
आता त्याच बाटल्यांत ताक.
वास येते, म्हणतात लोक.
पिऊन झाल्यावर म्हणतात.

बुधवारी साहेब सायकलवर निघाले,
हँडलला किमतीची चिठ्ठी अजून लटकलेली.
मागून जीप, जीपमध्ये फोटोवाला.
नाल्याच्या चढावर उतरले,
तर बाजूच्या वावरातून निंदणाऱ्या बाया उभ्या राहिल्या,
"सरलं का जी साहेब तुमचंबी?"
साहेब हसले. फोटोवाल्याने तो नाही काढला.

याच बायांना नेणारा रज्जाक
आता उतार लागला की चाबी बंद करतो.
चौदा जणींचा ऑटो नुसता घरंगळत येतो,
आणि कोणीच बोलत नाही तेवढा वेळ.
का, ते त्यांनाही सांगता येत नाही.

त्याच रात्री शटर वाजलं.
इंगळ्यांचा पोट्टा, ढकलत आणलेली गाडी,
सीटवर बहीण, पोट धरून.
चाव्या मालकाकडे, मालक फोन उचलेना.
मी माझ्या गाडीच्या टाकीत नळी घातली,
तोंडाने ओढलं,
आणि बाटलीतच धरलं. दुसरं काय होतं?

पोरगी झाली म्हणे, पहाटे, रस्त्यातच.
माझ्या चहाला दोन दिवस पेट्रोलची चव.
काचेवरचा कागद उन्हाने एका कोपऱ्यात सुटलाय.
मालक म्हणतो, नवा डकव.
डकवीन.