मोरपंखी

मंगळवारी रात्रीपर्यंत फांद्या जांभळ्या होत्या.
बुधवारी बुडख्यापासून कातडी सुटली,
संध्याकाळी नुसता चुना.

बाहेर त्रेचाळीस. टाकीत सव्वीस,
चिलर चालू, वीज गेली नव्हती.
खारटपणा पस्तीस.
नळ पाचव्या दिवशी आला, पण ते पाणी मी
आरओतून काढून, मीटरवर शून्य बघूनच ओततो.
मग?

मासे खात होते.
हे फार उशिरा ध्यानात आलं.
मासे खात होते, आणि गोगलगायी
काच सोडून वाळूत उताण्या,
कोळंबी तर कुठंच नाही.

कणा नसलेल्यांनाच मारणारं एकच ठाऊक होतं मला.
कुपीत थेंब टाकले, हलवली,
अक्कलकोट रोडचा भोंगा होईस्तोवर बघत बसलो.
फिकट, पण निळं.

सोमवारी नायना डायहाऊसवरनं उशिरा आले होते.
टॉवेलांची मोरपंखी ऑर्डर, कोपरापर्यंत हात तसलेच.
"तुझं एक झाड आडवं पडलं होतं की रे,
उभं करून ठेवलं."
मोरपंखी रंगात तांबं असतं
हे त्यांनीच सांगितलेलं, मी नववीत असताना.

एका हातानं एवढं होतं का?
कुणास ठाऊक.
पंप उघडला तर चुंबकही गंजलेलं.

"काय झालं होतं?" नायनांनी विचारलं.
पंप, म्हणालो.
खोटं नाही ते.

त्यांनी उभं केलेलं
अजून सरळ उभं आहे,
पांढरंफेक.