घट

कायतान स्विंडनला गेला.
जाताना गॅरेजचं शटर ओढून मला म्हणाला,
"बाय, तुजी गाडी आतां तूंच पळय."

मी दोन पावसाळे ते हसण्यावारी नेलं.
मग एका रविवारी डिपस्टिक ओढली, फडक्याला पुसली,
पुन्हा बुडवून उजेडात धरली,
तर टोकाला काळं, दाट,
भट्टीच्या भांड्याच्या बुडाशी लागलेलं असतं तसं.

चौदा नंबरचा पाना डिचोलीच्या बाजारात मिळाला.
दुकानदार म्हणाला, कोणासाठी हवा?
म्हटलं, बोल्टसाठी.

पुढची चाकं फळ्यांच्या उतारावर चढवली,
मागच्यांना चिरे टेकवले,
हँडब्रेक ओढला. परत एकदा ओढला.
भावाची जुनी पँट घालून पुठ्ठ्यावर आडवी झाले
आणि पाठीवर सरपटत आत गेले.

एकोणीस वर्षं चालवलेल्या गाडीचं पोट
मी पहिल्यांदाच बघत होते.
खाणीची माती होती तिथं, लाल, खपली धरलेली.
खाण बंद झाल्याचं
तिला कोणी कळवलेलं नव्हतं.

बोल्ट हलेना.
पाय जोत्याला रोवून जोर लावला, दात आवळले,
शेवटी त्याला फोन केला.
त्याच्या मागे कसल्याशा खोक्यांचा पट्टा धडधडत होता.
"उरफाटें, बाय, उरफाटें! तूं सकयल आसा न्हय!"
म्हणजे इतका वेळ मी आवळत होते.

मग तो सुटला, एकदम,
आणि मनगटावरून कोपरापर्यंत
ऊन ऊन तेल धावलं.
खाली उर्राकचा कापलेला कॅन होता.
धुतला होता दोनदा, तरी वास गेला नव्हता;
जळक्या तेलात काजूचा आंबूस वास मिसळला
आणि मला उगीचच भूक लागली.

कुंपणावरून विठू गांवस म्हणाला,
टाकू नको हां, खांबांना फास, वाळवी लागत नाही.
उरलं तर ओत त्या कोपऱ्यात, माती पिते सगळं.

मी बावीस वर्षं खाणीच्या काट्यावर होते.
भरलेला टिपर, रिकामा टिपर, निव्वळ.
निळ्या शाईत, खाली माझी सही.
ट्रकात जे होतं ते लिहिलं.
ओढ्यातून खाली शेतांत जे उतरलं
त्याला वहीत रकाना नव्हता.
माती पिते, हे मला कोणी सांगू नये.

तेल निथळून बाटलीत भरलं, झाकण फिरवलं
(या वेळी बरोबर दिशेला).
सवय जात नाही: स्वयंपाकघरातला काटा आणून मोजलं.
कायतानची चिठ्ठी डॅशबोर्डात होतीच,
त्याच्या तिरक्या अक्षरात: तीन लिटर, किलोमीटर, तारीख.
बाहेर आलं ते सव्वादोनच्या वर जाईना.

थोडं फिल्टरमध्ये राहिलं असेल. थोडं माझ्या कोपरावर.
बाकीचं कुठे?
चोर्ल्याच्या घाटात, दुसऱ्या गिअरवर.
आईला घेऊन बांबोळीला जाता-येता.
आणि मोपाला,
त्या पहाटे, निघायच्या दाराशी,
कायतान बॅगा उतरवत होता
आणि मी इंजिन बंदच केलं नाही,
बंद केलं असतं तर
काहीतरी बोलावं लागलं असतं.

नवं तेल मधासारखं होतं.
नरसाळ्यातून सावकाश घातलं, थांबले, बघितलं, पुन्हा घातलं.
चावी फिरवली. लाल दिवा लागला,
एक श्वास राहिला,
विझला.

रात्री पँट भिजत घालताना खिशात काहीतरी टोचलं.
तांब्याचा वॉशर. नवाकोरा.
तेवढ्यात त्याचा मेसेज: कशें जालें?
मी लिहिलं, झालं.

मग टॉर्च घेऊन अंगणात गेले, वाकले.
पुठ्ठ्यावर एक थेंब होता, रुपयाएवढा,
आणि वर बोल्टाच्या कडेला
दुसरा घाई न करता
भरत होता.