शून्य, शून्य, दोन

सावद्याला, लोकेशच्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये
माल उतरला की फरशी मोकळी पडते.
तिच्यावर त्याने चुन्याने रेघा मारल्या;
चुना संपला तिथे माझा जुना खडू.
जाळी बॅडमिंटनची, कमरेएवढी उतरवलेली,
मधे झोळ पडतो म्हणून घड बांधायच्या दोरीने ताणलेली.

सकाळचे सहा.
सातला पत्रा तापायला लागतो,
आठला कुत्रंही फरशीवर पाय टेकत नाही.
म्हणजे शिकायला एक तास, तोही वैशाखाच्या मर्जीवर.

बॅट नाही म्हणायचं, पॅडल.
मला ते दांडा लावलेलं पोळपाट वाटलं.
चेंडू म्हणजे कुणी झारा वळून गोल केलेला.
भोकं मोजली. चाळीस.
छत्तीस वर्षं गणित शिकवलं, खोड जात नाही.

"मावशी, खालून मारा. कमरेच्या खालून.
समोर नाही, तिरपा."
पहिला जाळीत.
दुसरा जाळीत.
तिसरा क्रेटच्या थप्पीमागे, पालींच्या मुलखात.
चौथा बरोबर पडला,
आणि मी इतकी हरखले
की परत आलेला नुसता बघत राहिले.

जाळीलगतच्या सात फुटांना किचन म्हणतात.
तिथे उभं राहून वरचेवर मारायचं नाही.
"आता सांगतो का रे?" नलूबाई झोपे म्हणाल्या,
"चाळीस वर्षं कुठी होतास?"
आणि हसताना त्यांची सर्व्हिस गेली.

मग चिठ्ठ्या टाकून जोड्या.
माझ्या चिठ्ठीत: इंदुमती फिरके.

लोकेशला काय माहीत.
तो तेव्हा सातवीत होता, दोघींच्या हातचा मार खाल्लेला.
सेवाज्येष्ठतेच्या यादीत ती पहिली, मी दुसरी,
अंतर अकरा दिवसांचं.
मी वर अर्ज केला. तिने उलटा अर्ज केला.
मुख्याध्यापक तिसराच झाला, धरणगावहून आला.
त्यानंतर एका स्टाफरूममध्ये नऊ वर्षं
हजेरीपटसुद्धा शिपायाच्या हाती एकमेकींकडे गेला.

आता ती माझ्या डावीकडे,
पांढऱ्या बुटांत, पदर खोचून,
नजर सरळ जाळीवर.

आकडे तीन म्हणायचे असतात:
आपले, त्यांचे, आणि मारणारी कितवी.
खेळ उघडतो तो "शून्य, शून्य, दोन" म्हणत.
"पहिली कुठे गेली?" मी विचारलं.
"सुरुवातीला पहिली नसतेच, मावशी.
थेट दुसरीच."
इंदूने बुटाची नाडी पुन्हा बांधली.
सुटलेली नव्हती.

आणखी एक नियम:
त्यांच्याकडे एक टप्पा पडू द्यायचा,
परत आला की आपल्याकडेही एक.
तोवर झडप घालायची नाही.
हे हाताला पटत नाही.
हात तर आधीच उत्तर घेऊन उभा.

एक चेंडू आमच्या बरोबर मधे आला.
ती थांबली, मी थांबले,
आणि तो दोघींच्या मधून शांतपणे
गोणपाटाच्या ढिगात जाऊन बसला.
"बोला की!" लोकेश ओरडला.
"माझा म्हणा, नाहीतर तुझा म्हणा,
पण तोंडाने म्हणा!"

पुढचाही मधेच.
वरून पत्र्यातली तिरीप डोळ्यांत,
मला नुसता आवाज, टक्,
आणि शेजारून, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा
तोच जुना इतिहासाचा खणखणीत स्वर:
"तुझा!"

मी मारला. कसा ते विचारू नका.
किनारीला लागला, पल्याड पडला,
नलूबाईंच्या दोन पावलं पुढे, मेल्यासारखा.

हरलो. अकरा-तीन का अकरा-चार.
मोजणं माझ्याकडे होतं आणि माझंच चुकलं.
बाहेर टेम्पोने हॉर्न दिला,
पोरं घड उतरवायला आली,
चुन्याच्या रेघेवर पहिला क्रेट बसला.

इंदू पदराने पॅडल पुसत होती,
पाटी पुसावी तसं, कोपऱ्यांपासून.
"शेवटचा आकडा काय झाला?"
जाळीकडे बघतच विचारलं तिने,
"गणित तुझं ना?"