पिसारा

रात्री ग्राफिक्सचं अपडेट आलं,
हो म्हटलं, न वाचता.
सकाळपासून मोर उघडला की लॅपटॉप मरतो.
मान येते, अर्धा पिसारा येतो,
मग निळा पडदा. मग काळा.

सोलापुरातला मे. साखर पेठेत पंखासुद्धा चटके देतो.
लॅपटॉपखाली दोन पेन्सिली सारल्या,
तरी तेच.
चिलकाशेठचा फोन: डिझाईन कुठाय? माग उभाय.

भाचा म्हणाला, सेफ मोडमध्ये जा मामा.
गेलो. सगळं ढोबळ, फुगलेलं, पण जिवंत.
डिस्प्ले, ड्रायव्हर, रोल बॅक.
तिथं विचारतात, मागे का जाताय?
पाच कारणं दिलेली.
मोर अर्धा राहिला, हे त्यात नाही.

नायनांना चादरीत चूक दिसली
तर शिवी नाही, काही नाही,
माग थांबवून एकेक बाणा उकलत
चुकीपर्यंत मागे यायचे.
आम्ही पोरं मोजायचो.
एकदा एकशे बारा भरले,
चहा निवून साय धरली होती.

पहिलंच कारण निवडलं. रीस्टार्ट.
गोल फिरणारे ठिपके.
मान. पिसारा.
आणखी पिसारा.

चिलकाशेठचा पुन्हा फोन.
वाजू दिला.
कडेचं एक पीस यायचं होतं अजून.