नववी ब, मानशीजवळ

ओहोटी साडेआठची, दुसरा तास माझा.
मुख्याध्यापकांनी परवानगी दिली एका अटीवर,
गणवेश मळता कामा नये.

तीन बादल्या नेल्या. खडूने लिहिलं
कणा असलेले, कणा नसलेले, वनस्पती.
दिवाडीच्या खाजनात चिखल उघडा पडला होता
आणि नववी ब, एकोणीस मुलं,
पाचव्या मिनिटाला गुडघ्यापर्यंत नापास.

कुर्ली आली. कणा नाही, पण नांग्या आहेत,
बादलीची कड धरून
सारखी वर्गीकरणाला हरकत घेत होती.

निवटी आली. मी म्हटलं, मासा.
शेवंती म्हणाली, बाई, पण ती चालते.
कल्ले बघ, म्हटलं. तिने बघितले.
मग हळूच,
मासा आहे हे तिला कुणी सांगितलंय का?

मिंगेलने सगळंच एका बादलीत ओतलं,
सुंगटं, तिसऱ्या, बोटभर शेवटो.
विचारलं तर म्हणतो, हें सगळें नुस्तें.
त्याची आई पणजीच्या बाजारात बसते,
तिच्याकडे वर्ग दोनच: आजचं आणि कालचं.
पेपरात याला गुण देता येणार नाहीत.
पण निकष आहे तिचाही, नाकाने तपासलेला,
आणि निकष बदलला की घराणी बदलतात
हे तर मीच फळ्यावर लिहिते, दर जूनला.

कांदळाची शेंग सोपी होती,
आईच्या फांदीवरच रुजून
मगच चिखलात उडी घेतलेली. वनस्पती. पुढे.

शेवटी मेलिशा घाडी फर्नांडिस,
जिचं नाव फॉर्मच्या चौकटीत कधी मावत नाही,
मानशीच्या वरच्या चिऱ्यावरून
राखाडी खपली खरवडून घेऊन आली.
दगडफूल. घरी मसाल्यात असतं.
मी सांगितलं, यात एक बुरशी आहे नि एक शेवाळ,
एकाचं घर, दुसऱ्याचा स्वयंपाक,
नाव मात्र दोघांत मिळून एक.
मग ठेवू कुठे?
मी बादल्यांकडे पाहिलं. चौथी आणली नव्हती.

भरती लागली. बादल्या उपड्या केल्या.
कुर्ली तिरकी गेली, निवटी काठावरच थांबली,
खडूची अक्षरं पाण्याने पुसली.
दगडफूल काही परत चिकटत नाही,
ते मेलिशाच्या कंपासपेटीत राहिलं.

फाटकात मुख्याध्यापक उभे.
रांगेत एकोणीस मुलं आणि मी,
गुडघ्याखाली
सगळ्यांची एकच जात.